मुक्त प्रशिक्षक, बांधलेले खेळाडू

अमेरिकेच्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये निक सेबन या नावाला जे वजन आहे, ते तेथील कित्येक गव्हर्नरांच्याही वाट्याला येत नाही. त्यामुळेच १२ मार्च २०२४ रोजी सिनेटर टेड क्रूझ यांनी वॉशिंग्टनमध्ये बोलावलेल्या चर्चेत हे ७२ वर्षांचे निवृत्त प्रशिक्षक बोलू लागले, तेव्हा उपस्थितांनी कान टवकारले. पन्नास वर्षांच्या कारकिर्दीत आपण ज्या ज्या गोष्टींवर विश्वास ठेवला, त्या आता या खेळात उरलेल्याच नाहीत, अशी खंत त्यांनी व्यक्त केली. त्यांनी पत्नी टेरी यांचाही दाखला दिला. नव्या खेळाडूंच्या मातापित्यांचा घरी पाहुणचार करणाऱ्या टेरीबाईंनी एके दिवशी पतीला विचारले होते की, हे सारे आपण कशासाठी करतो आहोत? या मंडळींना तुम्ही त्यांच्या मुलाला कसे घडविणार याच्याशी काहीच कर्तव्य नाही. त्याला पैसे किती देणार, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे आहे.

त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी, १० जानेवारी २०२४ रोजी, सेबन यांनी अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षकपद सोडले होते. वय झाले, पुढील पाच-सहा वर्षांची हमी खेळाडूंना देता येत नाही, हे त्यांनी तेव्हा सांगितलेले कारण. ते खरे नव्हते असे नाही. परंतु वॉशिंग्टनमधील त्यांचे भाषण ऐकल्यावर त्यामागील दुसरे कारणही झाकलेले राहिले नाही. ज्या व्यवस्थेत सेबन मोठे झाले आणि ज्या व्यवस्थेचा वापर त्यांच्याइतक्या कुशलतेने दुसऱ्या कोणालाच जमला नाही, ती त्यांच्या डोळ्यांदेखत कोसळत होती. त्यांची तक्रार प्रामाणिक आहे याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि त्या व्यवस्थेने प्रशिक्षकाला काय दिले आणि खेळाडूला काय नाकारले, याचा हिशेब मांडल्याशिवाय त्या तक्रारीचे मोल ठरविता येणार नाही. आणि हा हिशेब मांडायला सेबन यांच्या कारकिर्दीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

मराठी वाचकाला फुटबॉल म्हटले की पेले-मॅराडोनाचा खेळ आठवतो. अमेरिकेतील फुटबॉल तो नव्हे. लंबगोल चेंडू, डोक्याला शिरस्त्राण, खांद्यांवर जाड पट्ट्या आणि एकमेकांवर तुटून पडणारे अकरा-अकरा धिप्पाड खेळाडू असा हा मामला असतो. त्याची व्यावसायिक स्पर्धा म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग. पण दक्षिणेकडील राज्यांत, विशेषतः अलाबामासारख्या राज्यात, जेथे या लीगचा संघच नाही, तेथे लोकांचा जीव गुंतलेला असतो तो विद्यापीठांच्या संघांत. टस्कलूसा या गावातील अलाबामा विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाच्या आसपास प्रेक्षक मावतात आणि शनिवारी ते भरतेही. दूरचित्रवाणीचे हक्क, तिकिटे, देणग्या, टोप्या आणि सदरे यांतून मिळणारा पैसा अफाट असतो. खेळणारी मुले मात्र कागदोपत्री हौशी असत. शिक्षण शुल्क, निवास आणि भोजन यांची शिष्यवृत्ती एवढाच त्यांचा मोबदला. त्यापलीकडे एक डॉलर घेतला तरी अपात्र ठरण्याची भीती.

या मुलांना ‘विद्यार्थी-खेळाडू’ म्हणण्याची प्रथा कशी पडली, हेही पाहण्यासारखे आहे. महाविद्यालयीन क्रीडेचे नियमन करणाऱ्या ‘एनसीएए’ या संघटनेचे दीर्घकाळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर लिहून ठेवले आहे की, १९५० च्या दशकात जखमी खेळाडू कामगार म्हणून नुकसानभरपाई मागू लागतील, या धास्तीपोटी हा शब्द रूढ करण्यात आला. शब्दाला शिक्षणाचा गंध होता, पण त्याचा जन्म वकिलांच्या सल्लामसलतीत झाला होता.

सेबन यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १९५१ चा, वेस्ट व्हर्जिनियातील फेअरमॉन्टचा. बालपण गेले जवळच्या मोनोंगा परिसरात. हा सारा मुलूख कोळशाच्या खाणींचा. याच मोनोंगात १९०७ साली झालेल्या स्फोटात साडेतीनशेहून अधिक खाणकामगार मृत्युमुखी पडले होते. अमेरिकेतील ती आजवरची सर्वांत भीषण खाण दुर्घटना होय. सेबन शाळेत शिकत असतानाच, १९६८ साली, नजीकच्या फार्मिंग्टन येथील खाणीत ७८ कामगार गाडले गेले. त्यांत त्यांच्या शाळासोबत्यांचे वडील होते. अशा गावात मुलाला खाणीबाहेर काढणाऱ्या वाटा मोजक्याच असतात आणि खेळ ही त्यांतली एक. सेबन यांच्या वडिलांचा पेट्रोल पंप होता आणि फावल्या वेळात ते परिसरातील मुलांचा फुटबॉल संघ चालवीत. पंपावर गाड्या धुण्याचे काम लहानग्या निककडे असे. काळ्या किंवा गडद निळ्या रंगाच्या गाडीवर पुसल्याचा एक ओघळ जरी राहिला तरी वडील पूर्ण गाडी पुन्हा धुवायला लावीत. त्यामुळे या दोन रंगांच्या गाड्या पंपावर आल्या की पोटात गोळा येई, असे सेबन यांनी अनेकदा सांगितले आहे. पुढे ज्या काटेकोरपणाला पुस्तकांतून आणि व्यवस्थापनाच्या वर्गांतून ‘प्रोसेस’ असे भारदस्त नाव मिळाले, त्याची मुळे या ओघळात आहेत.

ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात ते खेळाडू म्हणून दाखल झाले. ४ मे १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाविरोधी निदर्शनांवर नॅशनल गार्डच्या जवानांनी केलेल्या गोळीबारात तेथील चार विद्यार्थी ठार झाले, तेव्हा सेबन त्याच आवारात शिकत होते. पदवीनंतर प्रशिक्षक व्हायचे त्यांच्या मनात नव्हते. मोटारविक्रीचा व्यवसाय करावा असा विचार होता. पत्नीचे शिक्षण एक वर्ष बाकी होते म्हणून प्रशिक्षक डॉन जेम्स यांनी देऊ केलेली साहाय्यकाची जागा त्यांनी पत्करली. (मोटारविक्रीची हौसही पुढे फिटली, प्रशिक्षक असतानाच मर्सिडीजच्या विक्री केंद्रांत त्यांची भागीदारी झाली.) त्याच सुमारास, १९७३ साली, वडील अवघ्या ४६ व्या वर्षी हृदयविकाराने गेले.

त्यानंतरची सतरा-अठरा वर्षे साहाय्यक म्हणून गेली. सिरॅक्यूस, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, नेव्ही, मिशिगन स्टेट, मग व्यावसायिक ह्यूस्टन ऑइलर्स. १९९० साली टोलेडो विद्यापीठाने त्यांना प्रथमच मुख्य प्रशिक्षक केले. हंगाम उत्तम गेला आणि तो संपताच सेबन टोलेडो सोडून क्लीव्हलंड ब्राउन्स या व्यावसायिक संघात बिल बेलिचिक यांच्या हाताखाली बचावफळीचे प्रमुख झाले. १९९५ मध्ये मिशिगन स्टेटचे मुख्य प्रशिक्षकपद मिळाले. पाचव्या वर्षी, १९९९ साली, संघ ऐन भरात असताना आणि हंगामातील अखेरचा मानाचा सामना बाकी असताना, त्यांनी लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा प्रस्ताव स्वीकारला. तो सामना मिशिगन स्टेटची मुले सेबन यांच्याविनाच खेळली, आणि जिंकलीही. लुइझियानात २००३ च्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपद मिळविल्यानंतर वर्षभरातच ते व्यावसायिक मायामी डॉल्फिन्सकडे गेले.

मायामीतील दोन वर्षे हा त्यांच्या कारकिर्दीतील एकमेव ठळक अपयशाचा कालखंड. २००६ साली ड्रू ब्रीझ हा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, संघाला हवा होता. पण त्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या खांद्याबद्दल डॉक्टरांना खात्री वाटेना, तेव्हा मायामीने डॉन्टे कलपेपरला पसंती दिली. ब्रीझ न्यू ऑर्लिन्सला गेला आणि इतिहासातील श्रेष्ठ क्वार्टरबॅकांत गणला गेला. कलपेपरचे गुडघे साथ देईनात. व्यावसायिक स्पर्धेत खेळाडूला करार असतो, वेतनाची कमाल मर्यादा सर्वांना सारखी असते आणि नव्या खेळाडूंची निवड करताना दुबळ्या संघाला पहिला मान मिळतो. थोडक्यात, प्रशिक्षकाच्या हाती सारे काही नसते. सेबन यांना हे मानवले नाही. अलाबामाकडे जाणार काय, असे पत्रकारांनी पुनःपुन्हा विचारल्यावर २१ डिसेंबर २००६ रोजी त्यांनी, आपण अलाबामाचे प्रशिक्षक होणार नाही, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. तेरा दिवसांनी, ३ जानेवारी २००७ रोजी, ते अलाबामाचे प्रशिक्षक झाले. आठ वर्षांसाठी तीन कोटी वीस लाख डॉलर असा करार होता. सरकारी विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला एवढी रक्कम मिळावी, यावर तेव्हा मोठे वादळ उठले होते. आज ती रक्कम मध्यम वाटते.

टोलेडो, क्लीव्हलंड, मिशिगन, लुइझियाना, मायामी, अलाबामा या भटकंतीला कोणी बेइमानी म्हटले नाही असे नव्हे. मायामीत तर त्यांचे नाव आजही तोंड वाकडे करूनच घेतले जाते. परंतु तिला कोणताही नियम आडवा आला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. बाजारात जो भाव येईल तो घ्यावा, मन भरेल तेव्हा दुसरीकडे जावे, हा अमेरिकन नोकरदाराचा सर्वसाधारण हक्क त्यांनी बजावला. त्यांच्या संघातील मुलांना मात्र तो नव्हता. विद्यापीठ बदलायचे तर एक पूर्ण हंगाम बाहेर बसावे लागे आणि मूळ प्रशिक्षकाची नाराजी ओढवली तर जाण्याच्या वाटाही बंद होत. २०१६ साली मॉरिस स्मिथ हा अलाबामाचा पदवी पूर्ण केलेला खेळाडू जॉर्जिया विद्यापीठाकडे जाऊ इच्छित होता. जॉर्जियाचे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट हे सेबन यांचेच माजी साहाय्यक, त्याच वर्षी तिकडे गेलेले. सेबन यांनी स्मिथला परवानगी नाकारली. एकाच परिषदेतील प्रतिस्पर्ध्याकडे खेळाडू जाऊ लागले तर शिस्त उरणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. शेवटी परिषदेच्या आयुक्तांनी स्मिथला सवलत दिली. गुरू सोडून जाणारा साहाय्यक प्रशिक्षक आणि गुरू सोडून जाऊ पाहणारा खेळाडू यांना लावलेली दोन मापे त्या प्रकरणात जेवढी उघडी पडली, तेवढी क्वचितच पडली असतील.

हे सारे मान्य करूनही अलाबामात सेबन यांनी जे उभे केले, त्याला तोड नाही, हे म्हणावेच लागेल. बेअर ब्रायंट यांनी १९५८ ते १९८२ या काळात अलाबामाला सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली होती आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्या गादीवर बसलेल्या प्रत्येकाला ब्रायंट यांच्या सावलीने खाऊन टाकले होते. सेबन यांचा पहिला हंगामही यथातथाच गेला. लुइझियाना-मन्रो या अगदीच दुय्यम संघाकडून अलाबामाला घरच्या मैदानावर मार खावा लागला. दुसऱ्या वर्षी मात्र संघाने बारा सामने जिंकले आणि तिसऱ्या वर्षी एकही न हरता विजेतेपद पटकावले. पुढे २०११, २०१२, २०१५, २०१७ आणि २०२० या हंगामांत त्याची पुनरावृत्ती झाली. लुइझियानातील विजेतेपद धरून एकूण सात. ब्रायंट मागे पडले. सेबन यांच्या हाताखालून गेलेल्या अलाबामाच्या चाळीसहून अधिक खेळाडूंची व्यावसायिक संघांनी निवडीच्या पहिल्याच फेरीत उचल केली.

यामागे जादू नव्हती. मिशिगन स्टेटमध्ये असताना लायनेल रोझन या मनोविकारतज्ज्ञाने त्यांना सुचविले होते की, सामन्याच्या निकालाचा विचार सोडून द्या. एक चाल सरासरी सात सेकंदांची असते, तेवढ्या सात सेकंदांचे काम चोख करा आणि मग पुढच्या सात सेकंदांकडे वळा. १९९८ साली याच मंत्राच्या बळावर मिशिगन स्टेटने अव्वल क्रमांकावरील ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर हरविले. सेबन यांनी हे सूत्र नंतर आहारापासून झोपेपर्यंत, पाहुण्यांच्या स्वागतापासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत सर्वत्र लागू केले. विजयानंतर वृत्तपत्रांतून होणाऱ्या स्तुतीला ते उंदराचे विष म्हणत. इतरत्र बडतर्फ झालेल्या नामांकित प्रशिक्षकांना ते विश्लेषक म्हणून बोलावून घेत आणि त्यांची बुद्धी वापरून घेत. लेन किफिन आणि स्टीव्ह सार्किझियन यांची मोडलेली कारकीर्द टस्कलूसातच पुन्हा उभी राहिली. आणि निर्णयाचे धाडस? जानेवारी २०१८ मधील अंतिम सामन्यात जॉर्जियाविरुद्ध पिछाडीवर असताना मध्यंतरात त्यांनी दोन वर्षे संघ वाहून नेणाऱ्या जेलन हर्ट्सला बसवून टुआ टॅगोव्हायलोआ या नवख्या मुलाला मैदानात उतरविले. अलाबामाने तो सामना जादा वेळेत २६-२३ असा जिंकला. खेळाच्या अभ्यासकांना हर्ट्सचे पुढचे वर्तन अधिक भावले. तो रुसून निघून गेला नाही. वर्षभर राखीव म्हणून राहिला आणि मगच ओक्लाहोमाला गेला.

या यंत्राची दुसरी बाजूही होती. एका संघाला ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा असताना सेबन सुरुवातीच्या वर्षांत त्याहून अधिक मुलांना शब्द देत आणि हंगाम सुरू होईपर्यंत संख्या बरोबर ८५ वर येई. ती कशी, याचा शोध ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१० साली घेतला. काही खेळाडूंना दुखापतीच्या कारणास्तव ‘वैद्यकीय शिष्यवृत्ती’ देऊन संघातून वेगळे काढण्यात येत होते आणि त्यांपैकी काहींना आपली दुखापत एवढी गंभीर वाटत नव्हती. विद्यापीठाने नियमभंग झाल्याचे नाकारले. नियमभंग झालाही नसावा. नियम लिहिणारे आणि त्यांचा लाभ घेणारे एकाच बाजूचे असले की भंग करण्याची गरजच पडत नाही.

विद्यापीठाला या सर्वांचा लाभ झाला. सेबन आले तेव्हा विद्यार्थिसंख्या पंचवीस हजारांच्या आसपास होती, ती पुढे अडतीस हजारांच्या वर गेली. राज्याबाहेरून, म्हणजे अधिक शुल्क भरून येणाऱ्या विद्यार्थ्यांचा भरणा वाढला. विद्यापीठाचे प्रमुख राहिलेले रॉबर्ट विट यांनी तर सेबन यांची नेमणूक ही विद्यापीठाने केलेली सर्वोत्तम गुंतवणूक असल्याचे म्हटले होते. एप्रिल २०११ मध्ये चक्रीवादळाने टस्कलूसाचा मोठा भाग उद्ध्वस्त केला, तेव्हा सेबन दांपत्याने आपल्या संस्थेमार्फत बेघरांसाठी घरे बांधण्याच्या कामाला हात घातला. गावाने ते विसरलेले नाही.

या संघांतील बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय असतात, ही बाब या चर्चेत अनेकदा आडोशाला राहते. अलाबामा विद्यापीठाच्या दारात ११ जून १९६३ रोजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडविण्यासाठी उभे राहिले होते. त्यानंतर आठ वर्षांनी, १९७१ मध्ये, अलाबामाच्या संघातून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू सामना खेळला. ३१ ऑगस्ट २०२० रोजी, जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतरच्या अस्वस्थ दिवसांत, खेळाडूंनी मोर्चा काढायचे ठरविले आणि सेबन त्यांच्या अग्रभागी चालत त्याच फॉस्टर सभागृहाच्या दाराशी गेले. अलाबामासारख्या राज्यात हे करणे सोपे नव्हते. राज्यातील त्यांच्या काही चाहत्यांनी त्यांच्या नावाचे सदरे जाळण्यापर्यंत मजल मारली. सेबन डगमगले नाहीत. मुलांविषयीची त्यांची आस्था दिखाऊ नव्हती, याचा हा पुरावा म्हणता येईल. पण आस्था आणि हक्क या भिन्न गोष्टी आहेत. आस्था प्रशिक्षकाच्या स्वभावावर अवलंबून असते.

हक्काची लढाई न्यायालयांत चालू होती. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणी प्रक्षेपणावरील एनसीएएची मक्तेदारी मोडून काढली आणि विद्यापीठांना आपापले सामने विकण्याची मुभा मिळाली; पैशाचा पूर तेव्हापासूनचा. तो प्रशिक्षकांच्या वेतनात, आलिशान व्यायामशाळांत आणि प्रशासकांच्या खुर्च्यांत मुरला, कारण मैदानावर खेळणाऱ्याला तो देण्यास बंदी होती. एड ओबॅनन या माजी बास्केटबॉलपटूने २००९ मध्ये पहिला मोठा दावा लावला. २१ जून २०२१ रोजी ‘ऑल्स्टन’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. शैक्षणिक लाभांवरील मर्यादांपुरताच तो निकाल होता, मात्र न्या. ब्रेट कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मतपत्रात, असा धंदा अन्य जवळजवळ कोणत्याही उद्योगात सरळसरळ बेकायदा ठरला असता, असे बजावले. दहाच दिवसांनी, १ जुलैपासून, खेळाडूंना स्वतःचे नाव आणि छबी जाहिरातींसाठी विकण्याची परवानगी मिळाली. त्याच वर्षी एकदा विद्यापीठ बदलताना हंगाम वाया घालविण्याची अटही गेली.

त्या महिन्यात सेबन यांनीच एका मेळाव्यात अभिमानाने सांगितले होते की, आपला नवा क्वार्टरबॅक ब्राइस यंग याने मुख्य क्वार्टरबॅक म्हणून एकही सामना सुरू केलेला नसताना त्याचे जाहिरात करार दहा लाख डॉलरच्या आसपास पोहोचले आहेत. नव्या युगाचा लाभ अलाबामालाच होणार, असा त्यांचा होरा असावा. पण धनाढ्य हितचिंतकांनी निधी उभारून थेट खेळाडूच खेचायला सुरुवात केली आणि तो होरा चुकला. मे २०२२ मध्ये सेबन यांनी टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने संघातील प्रत्येक खेळाडू विकत घेतला असल्याचा जाहीर आरोप केला. तेथील प्रशिक्षक जिम्बो फिशर हे लुइझियानातील त्यांचे साहाय्यक. फिशर यांनी दुसऱ्याच दिवशी पत्रकारांना बोलावून गुरूंचे वाभाडे काढले. सेबन यांनी नावे घेतल्याबद्दल क्षमा मागितली. याच फिशर यांना नोव्हेंबर २०२३ मध्ये विद्यापीठाने काढून टाकले, तेव्हा उर्वरित कराराची भरपाई म्हणून साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देय ठरली. काम न करण्याबद्दल प्रशिक्षकाला एवढे मिळू शकते, तर काम करणाऱ्या खेळाडूच्या कमाईने खेळ बिघडतो हे पटविणे अवघड होऊन बसते.

सेबन यांच्या बाजूनेही काही म्हणता येते. खेळाडूंना उत्पन्नात वाटा मिळण्यास आपला विरोध नाही, असे त्यांनी वॉशिंग्टनमध्ये सांगितले होते. करार नसलेला, मर्यादा नसलेला, दर हंगामाला नवा लिलाव मांडणारा बाजार त्यांना नको आहे. वर्षाला एकदा घर बदलणाऱ्या विद्यार्थ्याची पदवी अर्धवट राहते, हा आक्षेप खोटा नाही. ६ जून २०२५ रोजी न्या. क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीने त्यांच्या मागणीचा एक भाग प्रत्यक्षात आला. तिच्यानुसार माजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई मिळायची आहे आणि प्रत्येक विद्यापीठाला २०२५-२६ या वर्षात आपल्या खेळाडूंना दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत थेट वाटता येतात. ही मर्यादा एका विद्यापीठातील सर्व खेळांतील सर्व खेळाडूंना मिळून आहे. सेबन यांचे निवृत्तीवेळचे एकट्याचे वार्षिक वेतन एक कोटी दहा लाख डॉलरहून अधिक होते.

पैशामुळे स्पर्धेतील समतोल नष्ट होईल आणि मोजक्याच श्रीमंत विद्यापीठांचे राज्य येईल, हा त्यांचा दुसरा मुद्दा मात्र टिकत नाही. जुन्या, ‘हौशी’ व्यवस्थेत २००९ ते २०२० या बारा हंगामांपैकी सहांचे विजेतेपद एकट्या अलाबामाकडे गेले होते. त्याला समतोल म्हणत असतील तर शब्दकोश बदलावा लागेल. उलट १९ जानेवारी २०२६ रोजी राष्ट्रीय विजेता ठरला तो इंडियाना विद्यापीठाचा संघ, ज्याची ओळख शतकभर पराभवांसाठीच होती. मायामी विद्यापीठाला २७-२१ असे हरविणाऱ्या या संघाचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा एक वर्षापूर्वी कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलेला, आणि इतर अनेक खेळाडूही असेच ठिकठिकाणाहून जमविलेले. प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी हे २००७ ते २०१० या काळात अलाबामात सेबन यांचे साहाय्यक होते आणि तेथील शिस्तीचे ऋण ते उघडपणे मान्य करतात. म्हणजे सेबन यांची पद्धत मोकळ्या बाजारातही चालते. तिला खेळाडू बांधून ठेवण्याची गरज नव्हती. उपांत्यपूर्व फेरीत, नववर्षदिनी, याच इंडियानाने अलाबामाचा ३८-३ असा धुव्वा उडविला होता. दोन वर्षांपूर्वी त्याच रोझ बाउल स्पर्धेत मिशिगनकडून झालेला पराभव हा सेबन यांचा अखेरचा सामना ठरला होता.

निवृत्तीनंतर सेबन ईएसपीएन वाहिनीवर दर शनिवारी विश्लेषण करू लागले आणि त्यांच्या शब्दाचे वजन घटले नाही. २०२५ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प महाविद्यालयीन क्रीडेसाठी आयोग नेमणार आणि सेबन यांच्याकडे त्याचे सहअध्यक्षपद जाणार, अशा बातम्या आल्या. आयोगाचा बेत पुढे रखडला. जुलैमध्ये ट्रम्प यांनी या विषयावर आदेश काढला. खेळाडूंना नोकरदार ठरविण्यापासून विद्यापीठांना संरक्षण देणारे विधेयकही मांडले गेले, परंतु २०२५ संपेपर्यंत ते प्रतिनिधिगृहात मंजूर होऊ शकले नाही.

दरम्यान नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस जुनेच नाट्य नव्या पात्रांनी रंगले. सेबन यांच्या हाताखाली तीन वर्षे काढलेले लेन किफिन हे मिसिसिपी विद्यापीठाचे प्रशिक्षक होते. संघाने बारापैकी अकरा सामने जिंकले होते आणि राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत तो प्रथमच पोहोचणार होता. ती फेरी सुरू होण्याआधीच किफिन लुइझियाना स्टेटकडे निघून गेले. १९९९ मध्ये मिशिगन स्टेटला सोडून सेबन गेले होते तेच हे विद्यापीठ. या वेळी सेबन यांनी दूरचित्रवाणीवरून दोष दिला तो किफिन यांच्यापेक्षा हंगामाच्या मध्यावरच प्रशिक्षकांच्या नेमणुका उरकायला लावणाऱ्या वेळापत्रकाला. मिसिसिपीची मुले किफिन यांच्याविनाच उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली. त्यांच्यापैकी ज्यांना किफिन यांच्या मागोमाग जायचे होते, त्यांच्यासाठी नव्या नियमानुसार विद्यापीठ बदलण्याची खिडकी २ जानेवारीला उघडली. ती पंधरा दिवसांनी बंद झाली.